चहात बुडवलेला स्पंज, २,३५० रुपये

आधी हिशेब सांगतो, हसायचं ते हसून घ्या. 'दोन वर्षं चाललेल्या' माशांच्या टाकीतला फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज १,८५०, 'स्पेशल पॅकिंग' ३००, कुरिअर २००. एकूण २,३५०, यूपीआयनं, आगाऊ. वर मेलेले मासे १,४८० चे.

मी अडाणी नाही. नवी टाकी सायकल व्हायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला, चार-सहा आठवडे लागतात, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः मीडियावर, म्हणजे फिल्टरच्या स्पंज-रिंग्जवर, वसतात, मुरलेला मीडिया घातला की काम दिवसांवर येतं, हे सगळं पाठ होतं. म्हणून तर फसलो. ज्याला काहीच कळत नाही तो वापरलेल्या स्पंजला नव्याच्या पाचपट पैसे कशाला मोजेल?

पार्सल पाचव्या दिवशी आलं, तेही डोंबिवलीच्या मे महिन्यात. खरा मीडिया असता तरी बंद पिशवीत त्या उकाड्यात काय उरलं असतं? स्पंज ओला, तपकिरी. शेजारी भाजी निवडत बसलेली आई म्हणाली, "अरे, याला चहाचा वास येतोय."

तिथंच थांबायचं होतं. मी उलट तिलाच शिकवलं, की टाकीत बदामाची पानं घालतात, त्याचा रंग आहे तो. विकणाऱ्यानं फोनवर हेच पढवून ठेवलं होतं. आणि पानं खरंच घालतात हो, पाणी खरंच चहासारखं होतं! पण मुरलेला स्पंज बुळबुळीत लागतो, पिळला की गाळ निघतो, वास ओल्या मातीचा येतो. माझ्या हातातला नवाकोरा, खरखरीत. रिंग फोडली तर आत पांढरीशुभ्र. आईला नाकानं कळलं, मला पाणी तपासायचं किट घेऊन कळलं नाही.

किटनं अमोनिया शून्य दाखवला म्हणून नाचलो, मासे सोडले. रिकाम्या टाकीत अमोनिया येणार कुठून? मापून अमोनिया घाला, चोवीस तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तरच मासे सोडा. हे मला सुचलं रात्री दोन वाजता, निऑन मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते तेव्हा. सत्तर लिटरची टाकी, अमोनिया ४ पीपीएम. रोज निम्मं पाणी बदललं. चौथ्या दिवशी शेवटचा एंजल मासा गेला. विकणाऱ्यानं मला ब्लॉक केलं.

चौकीत हवालदार म्हणाला, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" जिवाणूंचं सांगितलं तर "ते होते की नव्हते, पंचनामा कोण करणार?" दुसऱ्यानं विचारलं, मासे खायचे होते का. सायबरवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी परत चौकीत. रक्कम ऐकून एक साहेब हसले, "इथं लाखवाले रांगेत आहेत." मग माझे ३,८३० काय चिंचोके आहेत? ऑनलाइन तक्रार केली तर बिल आणि जीएसटी नंबर मागितला. चोर बिल देतो? तीन आठवड्यांनी मेसेज आला, 'तक्रार निकाली'. एकाचाही फोन नाही.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी नवव्या दिवशी केला.

शेवटी शेजारच्या विंगमधल्या काकांनी त्यांच्या चालू फिल्टरमधला अर्धा स्पंज फुकट दिला. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात, डब्यातून, दहा मिनिटांत आणला. नळाखाली धुवायचा नाही, क्लोरिननं जिवाणू मरतात. आधी त्यांचे मासे धडधाकट आहेत ना ते पाहून घेतलं, रोगही स्पंजाबरोबर येतो.

काल तोच तपकिरी स्पंजाचा फोटो पुन्हा विक्रीला दिसला. भाव आता २,१००, पॅकिंग वेगळं.