वैकमची ‘आदित्य’: सौर फेरीबोटीतला प्रवास

केरळात वेंबनाड सरोवरावर, वैकम आणि तवणक्कडवू या धक्क्यांदरम्यान जानेवारी 2017 पासून धावणारी ‘आदित्य’ ही भारतातली पहिली सौर फेरीबोट. राज्य जलवाहतूक विभागाची ही रोजच्या वापराची सेवा आहे, पर्यटकांसाठी सजवलेली सफर नव्हे, आणि माझ्या मते तिचे खरे मोल त्यातच आहे. कारण कामाला निघालेली माणसे मोजक्या पैशांच्या तिकिटात कोट्टयम जिल्ह्यातून अलप्पुळा जिल्ह्यात तिच्यातून ये-जा करतात.

बोट धक्का सोडते तेव्हा इंजिनाची थरथर पायांना जाणवत नाही, डिझेलचा वास येत नाही आणि शेजाऱ्याशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. जलपर्णीचा पुंजका कडेला घासून गेला, तर तेही ऐकू येते.

छतावर 20 किलोवॅटची सौर पॅनेल्स आहेत, पण सगळे श्रेय त्यांना देणे बरोबर होणार नाही. 20 मीटर लांबीच्या आणि 75 प्रवासी नेणाऱ्या बोटीचे एवढ्यावर भागते, याचे कारण तिच्या बांधणीत आहे: फायबरचा हलका सांगाडा आणि पाणी सहज कापणारे दोन अरुंद तळ, म्हणजेच कॅटामरान पद्धत, यांमुळे विजेची गरज मुळातच कमी ठेवलेली आहे. त्यात मार्ग जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचा आणि वेग बेताचा. ऊन कमी पडले तर लिथियम बॅटऱ्या धक्क्यावरील विजेवर चार्ज केल्या जातात, त्यामुळे ती निव्वळ सूर्यावर चालते असे म्हणता येणार नाही. डिझेल मात्र लागत नाही, आणि सरोवराच्या पाण्यावर तेलाचा तवंगही सोडला जात नाही. 2020 साली तिला विद्युत बोटींसाठीचा आंतरराष्ट्रीय ‘गुसीज’ पुरस्कार मिळाला, तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.

मर्यादा म्हणाल तर ही बोट माणसांसाठी आहे, मोटारगाड्यांसाठी नाही. दाभोळ-धोपावेसारख्या वाहने नेणाऱ्या फेरीसाठी हा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. मात्र कोकणातल्या ज्या खाड्यांवर अजूनही फक्त माणसांना नेणारी होडी चालते, तिथे त्याचा गांभीर्याने विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

एर्नाकुलमहून वैकमला बसने जाता येते. या मार्गावर डिझेलच्या बोटीही चालत आल्या आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ‘आदित्य’ची फेरी कोणती हे धक्क्यावर विचारून घ्यावे.