सही करण्याआधी झाकण उघडा

नवीन सोसायटीचं हस्तांतर करून घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमची सोसायटी आंबेगाव बुद्रुकला, डोंगराच्या उतारावर. मी तेव्हा सेक्रेटरी होते आणि ज्या कागदामुळे आम्ही अडकलो, त्यावर सही माझी आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वरला माझ्या मावशीच्या घरात छातीएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरातला गाळ आम्ही टोपल्यांनी काढला. त्यामुळे पुढच्या वर्षी फ्लॅट बघायला गेले तेव्हा मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. सेल्सचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आपला प्लॉट उंचावर आहे. पाणी आलं तर खालच्यांकडे जाईल." मला तेव्हा हायसं वाटलं. ते वाक्य आता आठवलं की लाज वाटते.

त्यानं पार्किंगच्या कडेला तीन झाकणं दाखवली. त्यांवर पिवळ्या रंगात 'आरडब्ल्यूएच १', '२', '३' असं लिहिलेलं होतं, म्हणजे रेन वॉटर हार्वेस्टिंग, पावसाचं पाणी जमिनीत जिरवायचे खड्डे. रॅम्पच्या तोंडाशी लोखंडी जाळी, तिथून पावसाळी पाण्याची लाइन थेट रस्त्याच्या गटाराला जोडलेली आहे, असं सांगितलं. ताबा मिळाला, सोसायटी रजिस्टर झाली, हस्तांतराच्या वेळी लिफ्ट, पंप, फायरची यंत्रणा सगळं आम्ही चालवून बघितलं. यादीत शेवटून दुसरी ओळ होती, 'पर्जन्यजल व्यवस्था सुस्थितीत मिळाली.' मी टिकमार्क केला. जमिनीखालचं काय बघायचं, असं वाटलं.

पहिला पावसाळा कोरडा गेला नाही, पण त्रासही झाला नाही. याच गोष्टीनं आमचा घात केला. शेजारचा प्लॉट मोकळा होता, नुसतं गवत. आमचं पाणी कंपाउंडच्या भिंतीखालच्या फटींतून तिकडे जात होतं आणि जिरत होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या प्लॉटवर काम सुरू झालं, त्यांनी पक्की भिंत बांधली. जूनमध्ये दीड तास जोराचा पाऊस झाला आणि पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं. लिफ्टचा पिट भरला, पंपरूममधल्या दोन मोटारी जळाल्या, अकरा दुचाक्या आडव्या झाल्या. उरलेलं पाणी गेटमधून उताराला धावलं आणि खालच्या पत्र्याच्या घरांत शिरलं. तिथल्या एक काकू आमच्याकडे पोळ्या करायला येतात. त्या सकाळी त्यांचं भिजलेलं धान्य त्यांनी आमच्याच गच्चीवर वाळत घातलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही पहार घेऊन झाकणं उघडली. पहिल्याखाली दीड फुटावरच राडारोडा लागला. टाइल्सचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. दुसऱ्याखाली खड्डाच नव्हता. काँक्रीटच्या चौकटीवर झाकण बसवलेलं आणि खाली कडक मुरूम. तिसरा खड्डा खरा होता, पण त्यात ना खडी-वाळूचे थर, ना बोअर. पुण्यात मुरमाखाली लगेच काळा पाषाण लागतो. नुसता खड्डा खणला तर त्यात पाणी फक्त साचून राहतं. ते खालच्या भेगांपर्यंत न्यायला बोअर लागतं.

मग प्लंबरनं जाळीच्या चेंबरमधून बांबूची लांब खपाटी घातली. वीस-बावीस फुटांवर ती अडली. तिथे खणलं, तर पाइप कंपाउंडच्या भिंतीशी संपलेला आणि त्याचं तोंड सिमेंटनं बुजवलेलं. रस्त्याच्या गटाराशी त्याचा काही संबंधच नव्हता.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचा प्लॉट साधारण एकराचा, म्हणजे चार हजार चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर, दहा हजारांचे वीस टँकर. पूर्वी इथे शेत होतं, यातलं बरंचसं माती प्यायची. आता सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, त्यामुळे ते एकदम वाहून येतं.

बिल्डरकडे गेलो. आधी "निसर्गापुढे कोण काय करणार", मग "शेजाऱ्यानं भिंत बांधली त्याला जाऊन विचारा", आणि शेवटी माझ्या सहीची झेरॉक्स समोर ठेवली. आम्ही माहिती अधिकारात फाइल काढली. पूर्णत्वाच्या कागदांत जलपुनर्भरणाचा दाखला होता आणि सोबत खड्ड्याचा फोटो. सुंदर खड्डा, खडीचे थर, मधोमध बोअरचा पाइप. फक्त मागे दिसणारी भिंत विटांची होती. आमच्या कंपाउंडला सगळीकडे दगड आहे. दुसऱ्याच कुठल्या तरी साइटचा फोटो जोडून दिलेला होता.

माझी सही झाली म्हणजे सगळं संपलं, असं मी महिनाभर धरून चालले आणि घरात कुणाशी नीट बोलले नाही. तसं नसतं, हे वकिलांनी सांगितलं. घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला दोष कळवला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. माहितीपत्रकातल्या खोट्या दाव्यांसाठी कलम १२ आहे. म्हणून ती रंगीत माहितीपत्रकं रद्दीत घालू नका. कलम १७ प्रमाणे नकाशे आणि कागदपत्रं सोसायटीला मिळायला हवीत. त्यात पावसाळी लाइनचा नकाशा वेगळा मागा, पाइपचा व्यास आणि तो कुठे जाऊन मिळतो ते त्यावर बघा. आणि पाच वर्षांची मुदत कुठल्या दिवशी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. आम्ही महारेराकडे, म्हणजे या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, तक्रार केली आहे, ती चालू आहे.

पण पाऊस निकालासाठी थांबत नाही. प्रत्येक फ्लॅटमागे अठरा हजार काढून आम्ही खड्ड्यांचं आणि पाइपचं काम करून घेतलं. काम करताना प्रत्येक झाकणाचे, प्रत्येक थराचे तारखेसह फोटो काढले, ते तक्रारीला जोडले. यावेळी ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी दहा हजार लिटरचा टँकर मागवला आणि रॅम्पवर रिकामा केला. मी छत्री न घेता जाळीपाशी उभी राहिले. एक पोरगा रस्त्याच्या चेंबरवर वाकून बसला होता, काकूही गेटपाशी येऊन थांबल्या होत्या. थोड्या वेळानं त्या पोरानं हात वर करून ओरडून सांगितलं, "आलं, आलं पाणी!" मगच मी चेकवर सही केली.