तृतीयपंथी ओळखपत्राचं सरकारी पोर्टल: घोषणेतलं किती आणि हातात किती

तृतीयपंथीयांसाठी प्रत्येक पक्षाकडे एखादं वाक्य तयार असतं. ‘मुख्य प्रवाहात आणू’, ‘सन्मानाने जगू देऊ’, ‘समान हक्क मिळवून देऊ’. विरोध करणाऱ्यांकडेही ‘संस्कृती वाचवा’ असतंच. हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात ही वाक्यं पुन्हा निवेदनांमध्ये आणि भाषणांमध्ये दिसू लागतात. काम कोण करणार, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांत आणि कोणत्या खात्याच्या पैशातून, हे मात्र त्यांतल्या एकाही वाक्यात नसतं. ट्रान्सजेंडर असल्याचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देणारं केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं राष्ट्रीय पोर्टल ही अशी जागा आहे जिथे आश्वासनाचा एक छोटा तुकडा तरी नमुने, मुदती आणि अपील यांत बांधला गेला. म्हणून परीक्षण या सेवेचं करतो आहोत. भाषणातलं वाक्य तपासायलाही तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला, त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले आणि 25 नोव्हेंबर 2020 ला पोर्टल सुरू झालं. खाली जे लिहिलं आहे ते या 2020 च्या नियमांप्रमाणे आहे. कायद्यात दुरुस्ती झाली की पायऱ्या बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या दिवशी लागू असलेला मजकूर वाचून घ्या.

अर्जाला फी नाही. खर्च होतो तो प्रतिज्ञापत्राच्या नोटरीचा आणि सायबर कॅफेचा. नमुना 1 म्हणजे अर्ज, नमुना 2 म्हणजे प्रतिज्ञापत्र. सोबत फोटो, सही, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून जोडायचा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. प्रतिज्ञापत्राच्या आधारे, कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता त्यावर निर्णय घ्यावा, असं 2020 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. मुदत 30 दिवस. अर्ज फेटाळला तर 90 दिवसांत अपील करता येतं. अर्जदार 18 वर्षांखालचा असेल तर पालकाने अर्ज करायचा. ही रचना चांगली आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. कुणाच्याही टेबलासमोर उभं राहून ‘तुम्ही नेमके कोण?’ हा प्रश्न ऐकावा लागत नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पत्त्यावर. ज्या जिल्ह्यात गेले सलग 12 महिने राहता, तिथल्याच जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. नागपुरात डेऱ्यावर, म्हणजे गुरू-चेल्यांच्या एकत्र घरात, राहणाऱ्या अनेकांचं आधार कार्ड छिंदवाडा, बालाघाट किंवा गोंदियाचं असतं. घर गुरूच्या नावावर, भाडेकरार नाही आणि वीजबिल तिसऱ्याच माणसाचं. अशा वेळी गुरूचं किंवा घरमालकाचं राहण्याबद्दलचं पत्र आणि बँकेचं पासबुक आधी जमवावं, मगच अर्जाला हात घालावा. दुसरी अडचण नावाची. आधारवर ‘रमेश’, शाळेच्या दाखल्यावर ‘रमेशकुमार’ आणि प्रतिज्ञापत्रात फक्त नवं नाव, असं झालं की अर्ज हमखास परत येतो. प्रतिज्ञापत्रात जुनं नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा, आणि त्याच वाक्यात नवं नाव द्या. तिसरी गोष्ट साधी वाटते, पण महाग पडते: नोंदणी करताना कॅफेवाल्याचा किंवा मैत्रिणीचा मोबाइल नंबर देऊ नका. अर्जात त्रुटी निघाली की निरोप त्याच नंबरवर जातो आणि महिना हातचा निघून जातो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची पीडीएफ आपल्याकडे जपून ठेवा. नियमांप्रमाणे या प्रमाणपत्रावरून इतर सरकारी कागदपत्रांतलं नाव, लिंग आणि फोटो 15 दिवसांत बदलून मिळायला हवा, आणि कागदाचा मूळ क्रमांक तोच राहायला हवा. काही खिडक्यांवर तरीही आधी राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणा म्हणून सांगतात. वाद घालत बसू नका. नियमाची छापील प्रत पुढे करा आणि नकार लेखी मागा. आधार आधी, मग पॅन, मग बँक हा क्रम सोयीचा पडतो, कारण पुढची दोन्ही ठिकाणं आधारशीच नाव जुळवून पाहतात.

आता घोषणांकडे. ‘आरक्षण दिलं’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या राज्यात, ते विचारा. 2014 च्या निकालाने तसा निर्देश दिला, पण 2019 च्या कायद्यात आरक्षणाचं कलमच नाही. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण दिलं. पोर्टलचं प्रमाणपत्र स्वतःहून जागा राखून देत नाही.

‘कडक शिक्षा करू’ हे वाक्य 2019 च्या कायद्याच्या कलम 18 समोर ठेवून पाहा. शारीरिक किंवा लैंगिक अत्याचाराला 2019 च्या मूळ मजकुरात शिक्षा 6 महिने ते 2 वर्षे. स्त्रीवरील बलात्काराला किमान 10 वर्षे आहे. हा फरक भरून काढायला कोणती दुरुस्ती आणणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या ‘कडक’ या शब्दाला वजन नाही.

विरोधातल्या घोषणांनाही हाच नियम. ‘कुणीही उठून एका कागदावर बाई होईल’ असं सांगितलं जातं. 2020 च्या नियमांत पहिलं प्रमाणपत्र ‘ट्रान्सजेंडर’ एवढंच म्हणतं. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर कायद्याच्या कलम 7 खाली वेगळा अर्ज लागतो आणि शस्त्रक्रियेबद्दल वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्या भीतीवर मतं मागितली जातात, तिचं उत्तर नमुन्यातच छापलेलं आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. दोन्ही बाजूंच्या भाषणांत ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष) जवळपास नसतातच. 2019 च्या कायद्याच्या मूळ व्याख्येत ते आहेत, आंतरलिंगी व्यक्ती आहेत, किन्नर, हिजडा, अरावणी आणि जोगता या पारंपरिक ओळखीही आहेत. घरच्यांच्या धाकात राहणाऱ्या एखाद्या सज्ञान ट्रान्स तरुणासाठी हे पोर्टल भाषणापेक्षा कितीतरी मोठा आधार आहे.

नागपुरात कुणी मत मागायला आलं तर 2020 च्या नियमांतला नियम 11 उघडा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष असावा, असं तिथे लिहिलं आहे. आपल्या जिल्ह्याचा कक्ष कोणत्या खोलीत बसतो, रात्री फोन कोण उचलतं आणि गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, हे विचारा. कायद्याच्या कलम 11 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. उमेदवाराच्या स्वतःच्या कॉलेजात किंवा पतसंस्थेत तो नेमला आहे का, हेही विचारायला हरकत नाही. आयुष्मान भारतच्या ट्रान्सजेंडर योजनेत वर्षाला 5 लाखांचं संरक्षण देण्याचा करार ऑगस्ट 2022 मध्ये झाला. तेव्हा ‘आरोग्य देऊ’ म्हणणाऱ्याने नागपुरातल्या कोणत्या रुग्णालयात ते कार्ड चालतं, त्या रुग्णालयाचं नाव घ्यावं.

आमचं मत: पोर्टलला पाचपैकी चार, पुढच्या खिडक्यांना दोन. मदत लागली तर श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनातल्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. जाताना अर्जाची प्रिंट आणि प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स सोबत न्या, आणि तिथे काही जमा केलंत तर पोच घेतल्याशिवाय निघू नका.