पीएचपी ८.५ मधला नवा यूआरआय क्लास: पाच महिने वापरल्यावर

जळगावात बसून मी केळीच्या भावांची एक छोटी साइट सांभाळतो. व्यापारी गाव, प्रत वगैरे निवडून त्याची लिंक आम्हाला पाठवतात; ती उलगडून रोज सकाळी त्याप्रमाणे भावाचा मेसेज जातो. लिंक उलगडणं हाच आमचा धंदा म्हणा ना. आमची साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये यूआरआय, म्हणजे लिंकचा पत्ता, उलगडणारे तयार क्लास (कोडचे साचे) घेऊन पीएचपी ८.५ आलं, तेव्हा डिसेंबरातच सर्व्हरवर चढवलं.

आधी चांगलं सांगतो. लिंक तोडणारं जुनं फंक्शन पार्स_यूआरएल कोणताच नियम धड पाळत नव्हतं. आता दोन वेगळे क्लास आहेत: एक आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या लेखी मानकाप्रमाणे, दुसरा ब्राउझर पाळतात त्या व्हॉटडब्ल्यूजी (ब्राउझर बनवणाऱ्यांचा गट) नियमांप्रमाणे. आमच्यासारख्यांनी दुसराच घ्यावा. पहिल्याला लिंकमध्ये नुसतं देवनागरी दिसलं की तो एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. दुसरा ते गुपचूप टक्क्यांच्या भाषेत (प्रत्येक बाइटमागे % आणि दोन खुणा) बदलून घेतो. दिसायला तीन अक्षरांचं ‘रावेर’ तिथे ४५ खुणांचं होतं, पण बिघडत काही नाही.

खोड पुढे आहे. क्लासला गेटक्वेरी म्हटलं की लिंकमधल्या प्रश्नचिन्हापुढची, गाव-प्रत वगैरे निवडींची अख्खी ओळ हातात येते आणि क्लासचं काम तिथे संपतं. आतले तुकडे करायला पुन्हा पीएचपीचं जुनंच फंक्शन, पार्स_स्ट्र. म्हणजे घड व्यवस्थित उतरवला, फण्या करायला कोयता मात्र आजोबांचाच.

त्या कोयत्याने जानेवारीत मला कापलं. एका व्यापाऱ्याची लिंक होती: गाव=रावेर&गाव=यावल. पार्स_स्ट्र एकच नाव दोनदा आलं की शेवटचं ठेवतं. सकाळी फोन: “भाऊ, रावेर दिसूनच नाही राहिलं.” ब्राउझरमध्ये याच कामाचं यूआरएलसर्चपॅराम्स असतं, त्याला गेटऑल विचारलं तर दोन्ही गावं निमूट मिळतात. पार्स_स्ट्रमध्ये नावापुढे चौकोनी कंस लावले (गाव[]) तरच यादी होते. नावात टिंब असेल तर त्याचा अंडरस्कोअर होतो, ‘दर.किमान’चं ‘दर_किमान’. हे रजिस्टर_ग्लोबल्सच्या (लिंकमधल्या नावांचे आपोआप व्हेरिएबल करणारी जुनी सोय) काळातलं ओझं, कारण व्हेरिएबलच्या नावात टिंब चालत नसे. ते प्रकरण २०१२ मध्ये पीएचपी ५.४ बरोबर निकालात निघालं, अंडरस्कोअर अजून घरात आहे.

शेवटी वीस ओळींचं फंक्शन मीच लिहिलं. त्यात क्रम महत्त्वाचा: आधी & वर तोडायचं, मग पहिल्याच = वर, आणि टक्के उलगडायचे सगळ्यात शेवटी. पहिल्या खेपेला मी उलटं केलं होतं, तर ‘मका & ज्वारी’ या पर्यायाचे दोन तुकडे होऊन ज्वारी बेवारस झाली. अधिकचं चिन्हही फसवं. फॉर्मच्या नियमात त्याचा अर्थ रिकामी जागा, आरएफसी ३९८६ मध्ये मात्र ते साधं अधिकच. कोणी लिंकमध्ये +९१ ने सुरू होणारा नंबर तसाच लिहिला, तर पुढचं + गायब. म्हणूनच हे काम क्लासच्या आत हवं, प्रत्येक क्लासने आपापला नियम लावून केलेलं. नावं पुन्हा आली तरी जपणारं, क्रम न मोडणारं. एवढंच मागणं आहे.

पाचपैकी साडेतीन. नव्या फॉर्ममध्ये मी कंस घातलेत, पण जुन्या लिंका व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत अजून फिरतात. कालच सावद्याहून एक आली, त्यात गाव चार वेळा.