मीच मालक, मीच ड्रायव्हर : बीएस-6 ट्रकचे अकरा महिने

माझी आधीची गाडी बीएस-3. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरच्या सरकारी नियमाचा टप्पा; आकडा मोठा तितका नियम कडक. तिचा सायलेन्सर म्हणजे नुसती नळी. काही बिघडलं तर रस्त्यावरचा कुठलाही फिटर तासाभरात खोलून बसायचा, निम्मं काम मी स्वतःच करायचो. ती विकून बीएस-6 घेतली, जुनीच, 1,90,000 किलोमीटर चाललेली. हौस म्हणून नाही. उत्तरेकडची भाडी हातची जायला लागली होती. 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या डिझेलच्या मालवाहू गाड्यांत फक्त बीएस-6 ला दिल्लीत कायमचा प्रवेश आहे. बीएस-4 ला 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत सवलत, बीएस-3 ला प्रवेश नाही. तेव्हापासून ट्रान्सपोर्टवाला फोनवर आधी गाडी कितवी ते विचारतो, लोड दिल्लीचा असो वा नसो.

आज या गाडीवर माझे 68,000 किलोमीटर झालेत.

आधी चांगलं सांगतो, कारण ते मनापासून चांगलं आहे. चौदा वर्षं मी वजनकाट्याच्या रांगेत पुढच्या गाडीचा धूर ओढला. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कॅन्सर करणारा म्हणून पहिल्या गटात टाकलं. त्या धुरात सगळ्यात जास्त तास आपणच असतो. बीएस-3 ला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॅट-तासाला 5 ग्रॅम होती, बीएस-6 ला 0.4. काजळीची 0.10 होती, ती 0.01 झाली. गेल्या आठवड्यात मी पांढरं फडकं बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवलं. फडक्यावर धूळ आली, काळं काही आलं नाही. रात्री केबिनमध्ये झोपताना घसा खवखवायचा, ते बंद झालंय.

ओढ चांगली आहे. घाटात भरलेली गाडी एक गिअर वरच राहते. एव्हरेजबद्दल तक्रार नाही.

आता दुखणं. धूर साफ करायचं काम तीन-चार डब्यांतून होतं. त्यातला एक म्हणजे डीपीएफ, काजळी अडवणारी जाळी. जाळीत साठलेली काजळी जाळावी लागते, त्याला रीजन म्हणतात, आणि त्यासाठी आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास जावं लागतं. हायवेवर सलग चार-पाच तास गाडी धावली तर हे आपोआप होतं, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. पण गाडी गोदामाच्या गेटवर तास तास फुरफुरत उभी राहिली, शंभर मीटर सरकली, पुन्हा उभी राहिली, तर सायलेन्सर तापतच नाही आणि जाळी भरत जाते.

आता बघा, एका गाडीच्या मालकाला कामं कुठली मिळतात? लांबची, ठरलेल्या वेळेची, परतीच्या लोडसकट असलेली भाडी मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यांना जातात. आपल्या वाट्याला उरतात जवळच्या फेऱ्या, गेटवरचं ताटकळणं, अर्धवट भरलेली गाडी. म्हणजे या यंत्राला जे काम सगळ्यात मानवत नाही, तेच आपल्याला मिळतं. नियम ग्रॅममध्ये लिहिलाय आणि ग्रॅम सगळ्यांना सारखे आहेत. वेळ मात्र ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याचाच जातो.

चौथ्या महिन्यात हे अंगावर आलं. सलग नऊ दिवस जवळच्या फेऱ्या केल्या होत्या. कापसाच्या गाठींच्या गोदामात रांगेत उभा असताना जाळीचा पिवळा दिवा लागला. उभ्या गाडीचं रीजन म्हणजे पाऊण तास इंजिन चढ्या आवाजात चालतं आणि सायलेन्सरमधून भट्टीसारखी हवा येते. वॉचमन धावत आला, "भाऊ, इथे नको, गाठी पेटतील." त्याचं बरोबरच होतं. मी रीजन थांबवायचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या गवतावर उभा होतो, पुन्हा दाबलं. तिसऱ्या दिवशी लाल दिवा लागला आणि पिकअप मेला. एक्सलरेटर तळाला टेकवला तरी गाडी लोळत चालल्यासारखी. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप लावून जाळीतली काजळी जाळायला दीड तास लागला. पण त्या दीड तासासाठी दोन दिवस रांगेत काढले, कारण कराराच्या ताफ्यातल्या गाड्या आधी आत घेत होते. ताफ्यात एक गाडी आडवी झाली तर दुसरी निघते. माझी उभी राहिली की भाडंही उभं आणि हप्ता चालू. त्या खेपेला पार्टीने उशिराचे पैसेही कापले.

त्यानंतर मी एक गोष्ट ठरवली. आठवड्यात निदान एक लांबची फेरी, भाडं थोडं कमी मिळालं तरी. दिवा लागला की पहिल्या मोकळ्या, सिमेंटच्या जागेवर गाडी लावून रीजन पूर्ण होऊ द्यायचं, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. सात महिने झाले, लाल दिवा परत दिसलेला नाही.

दुसरं दुखणं युरिया. तो वेगळ्या टाकीत भरतात आणि नोझलमधून धुरात फवारला जातो. आपण युरिया म्हणतो ते 32.5 टक्के युरिया आणि बाकी निव्वळ शुद्ध पाणी असतं. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफेत रूपांतर करतो. माझ्या गाडीला 100 लिटर डिझेलमागे साधारण 5 लिटर लागतो. यात पैसे वाचवायला जाऊ नका. मी एकदा रस्त्याकडेच्या सुट्या कॅनमधला भरला. दोन दिवसांत टाकीच्या झाकणाभोवती पांढरे खडे जमले, नखाने खरवडले तर मिठासारखे सुटत होते. तेच खडे आत नोझलवर बसले. टाकी रिकामी झाली किंवा आतला माल खराब निघाला तर नियमाप्रमाणे गाडी आधी पाव हिस्सा ओढ कमी करते, आणि तरी ऐकलं नाही तर ताशी 20 किलोमीटरवर आणते. भरल्या गाडीने हायवेच्या कडेने 20 ने चालणं धोक्याचं आहे, हे मी चालवून सांगतोय.

या एका गोष्टीवर नियम करणाऱ्यांनी फेरविचार करावा असं मला कळकळीने वाटतं. 2021 साली चीनने युरियाची निर्यात आवळली तेव्हा दक्षिण कोरियात ट्रकवाले रांगा लावून बसले होते, गाड्या धडधाकट असून. अमेरिकेत ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने कंपन्यांना सांगितलं की युरिया संपला म्हणून ट्रकची ताकद एकदम जाता कामा नये, 2027 च्या मॉडेलपासून तशी रचना करा. धुराची मर्यादा आहे तेवढीच ठेवा, पण ड्रायव्हरला सुरक्षित जागी पोचायला आणि माल उतरवायला मुदत द्या. आपल्याकडेही हे व्हायला हवं.

जाळी काढून आत पोकळ पाइप बसवून देणारे भेटतात. मलाही चौथ्या महिन्यात दोघं भेटले. बसवू नका. बेकायदा तर आहेच, पण जो धूर मी चौदा वर्षं गिळला तो पुन्हा रांगेतल्या मागच्या ड्रायव्हरच्या तोंडावर सोडायचा, हे मला पटलं नाही.

ऑइल जुन्या गाडीचं टाकू नका, कमी राखेचं, सीके-4 दर्जाचंच टाका. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीतच राहते. डिझेल ठरलेल्या पंपावरच भरा. बीएस-6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 10 भाग असतं, बीएस-4 मध्ये 50 होतं. भेसळीने हे सगळे डबे बाद होतात.

कोणी विचारलं तर मी गाडी घ्या म्हणेन, पण आधी स्वतःच्या महिन्याभराच्या फेऱ्या कागदावर मांडा. निम्म्याहून जास्त काम गेटवर उभं राहायचं असेल तर बीएस-6 डिझेलऐवजी सीएनजीचा विचार करा.

जुनी घेणार असाल तर रंग आणि टायर नंतर बघा. लॅपटॉप लावून जाळीतली राख किती भरलीय आणि गेल्या सहा महिन्यांत रीजन किती वेळा अर्धवट सुटलंय ते वाचून घ्या. मी हे केलं नव्हतं. माझ्या गाडीची राख तेव्हाच काठाला आली होती, आणि पाचव्या महिन्यात जाळी उतरवून साफ करून घ्यावी लागली. मालक लॅपटॉप लावू देत नसेल तर निघून या.