नीटचे जुने पेपर: फुकट आहेत, उत्तम आहेत, पण जसेच्या तसे सोडवू नका

‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या सरावाला, ती घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या तोडीचं साहित्य नाही. हजारो रुपयांच्या टेस्ट सिरीजमधले प्रश्न कधी उगाच अवघड, तर कधी पुस्तकातली ओळ उचलून केलेले असतात. खऱ्या पेपरची भाषा आणि विधानांच्या प्रश्नांतला चकवा खऱ्या पेपरातच भेटतो. गोची एवढीच, की गठ्ठ्यातले सगळे पेपर एका साच्याचे नाहीत.

२०२० पर्यंत १८० प्रश्न आणि १८० मिनिटं होती. २०२१ ते २०२४ मध्ये २०० प्रश्न आले. फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी या चारही भागांत सेक्शन एचे ३५ सक्तीचे आणि सेक्शन बीच्या १५ पैकी कोणतेही १०. वेळ २०२१ ला १८० मिनिटंच होती, २०२२ पासून २०० झाली. २०२५ ला पर्याय गेला आणि पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटं.

सगळ्यात जास्त फसवतात ते हे मधल्या चार वर्षांचे पेपर. विद्यार्थी सेक्शन बीमधले सोपे दहा निवडतो, लांबलचक आकडेमोडीचे पाच सोडतो आणि ७२० पैकी ६४० पडले म्हणून खूश होतो. आता ते पाच सोडायची सोय नाही. एका भागात पाच सोडले की २० गुण गेलेच. म्हणून पेपर हातात घेतल्या घेतल्या सेक्शन बीचे शेवटचे पाच प्रश्न, न वाचता, काट मारून टाका. ३५ अधिक १०, म्हणजे भागाला ४५. चार भागांचे बरोबर १८०. घड्याळ १८० मिनिटांचं. कापलेले २० प्रश्न दुसऱ्या दिवशी २० मिनिटांत वेगळे सोडवा, वाया जात नाहीत.

‘वीस मिनिटं कमी झाली’ ही ओरड मात्र अर्धीच खरी. २०० प्रश्नांत निवड करायची तर जास्तीचे २० वाचावे लागत. वाचायला २० सेकंद धरले तरी सहा-सात मिनिटं त्यातच जात. म्हणजे खरा फटका तेरा-चौदा मिनिटांचा, आणि तो बहुतेक वेळा फिजिक्सवर बसतो. त्यात उत्तरपत्रिकेवर (ओएमआर) उत्तराचा एक गोळा नीट रंगवायला ४-५ सेकंद, १८० गोळ्यांना १२ ते १५ मिनिटं. उरल्या १६५ मिनिटांत एका प्रश्नाला ५५ सेकंद येतात. बायोचे (बॉटनी आणि झूऑलॉजी मिळून) ९० प्रश्न ५० मिनिटांत, केमिस्ट्री ५० मध्ये उरकली, तरच फिजिक्सला ६५ मिळतात. गोळे शेवटी एकदम भरू नका. एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरं चुकतात, आणि पेनने रंगवलेलं खोडता येत नाही. पानागणिक भरा.

दुसरी काटछाट अभ्यासक्रमाची. २०२४ च्या परीक्षेपासून एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, हायड्रोजन, एस-ब्लॉक काढले. बायोतून पचनसंस्था आणि वनस्पतींतलं खनिज पोषण गेलं. २०२३ आणि आधीच्या पेपरांतले असे प्रश्न गाळा आणि जितके उरतील तितकीच मिनिटं लावा. १६४ उरले तर १६४. पूर्ण १८० मिनिटं दिलीत तर वेगाचा अंदाज चुकलाच म्हणून समजा. उलट बाजूने, नव्याने आलेली मालव्हेसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी ही कुळं आणि फिजिक्समधला प्रयोगांचा घटक जुन्या पेपरांत पुरेसा सापडणार नाही; तो सराव वेगळा करावा लागेल.

२०२५ चा पेपर सर्वांत मोलाचा, म्हणून शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. त्याचं फिजिक्स चांगलंच जड होतं. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते, आदल्या वर्षी ७२० वाले अनेक होते. खुल्या गटाची पात्रता १६२ वरून १४४ वर आली. तेव्हा २०२४ च्या पेपरातले तुमचे गुण आणि २०२५ चे गुण एकाच तराजूत तोलू नका.

सीईटीची (राज्याच्या प्रवेश परीक्षेची) तयारी सोबत करणाऱ्यांची एक सवय इथे बघायला हवी. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे काहीच रिकामं सोडायचं नसतं. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ कापला जातो; चार पर्यायांपैकी आंधळा ठोका मारला तर हिशेबाने सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तोच हिशेब दीड गुणावर जातो. दोन बाद झाले तर भरा, एकही नाही झाला तर पुढे चला.

उत्तरसूची अंतिमच घ्या. २०२४ च्या फिजिक्समधल्या अणूंच्या विधानांच्या प्रश्नाला आधी दोन उत्तरं ग्राह्य धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि जुलैमध्ये निकाल बदलला. मेसेजवरून फिरणाऱ्या पीडीएफमध्ये जुनी सूची असू शकते. मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी शेजारचा इंग्रजी मजकूरही वाचायची सवय लावावी, कारण भाषांतरात फरक पडला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. आणि पेपरसोबत कोरी ओएमआर छापून घ्या. प्रश्नपत्रिकेवर टिक करून सोडवलेल्या पेपरात गोळे भरायची ती पंधरा मिनिटं कधी मोजलीच जात नाहीत.