जुना फ्लॅट घेताना: इसारपावती, साठेखत की थेट खरेदीखत?

महाराष्ट्रात सोसायटीतील जुना फ्लॅट एखाद्या सभासदाकडून विकत घेताना महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) दाद मागता येत नाही, कारण विक्रेता विकासक नसतो. खरेदीदाराचे संरक्षण त्यामुळे तो कोणत्या कागदावर, कोणत्या अटींवर आणि कोणत्या टप्प्याला पैसे देतो यावरच अवलंबून राहते.

इसारपावती, म्हणजे सौदा ठरल्यावर दिलेल्या आगाऊ रकमेची (इसाराची) पावती, हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत निष्काळजीपणे केला जाणारा कागद आहे. ती सहसा नोंदवलेली नसते. नोंदणी कायद्याच्या कलम 49 नुसार करारपूर्तीच्या (विक्रेत्याला ठरलेली विक्री करायला लावण्याच्या) दाव्यात ती पुरावा म्हणून दाखवता येते, मात्र ती ई-सर्चमध्ये (नोंदलेल्या दस्तांच्या ऑनलाइन शोधात) कोठेच दिसत नाही. विक्रेत्याने तोच फ्लॅट दुसऱ्याला विकला आणि त्या दुसऱ्याने पहिल्या व्यवहाराची कल्पना नसताना पूर्ण किंमत मोजली, तर त्याच्याविरुद्ध आपला दावा टिकणे अवघड होते. एजंट घाई करतो म्हणून किमतीच्या दहा टक्के रक्कम अशा पावतीवर देण्याची प्रथा मला धोकादायक वाटते. इसार द्यायचाच असेल तर तो नाममात्र असावा, बँकेमार्फत द्यावा (20,000 रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे) आणि पावतीत पुढील आशयाचे वाक्य असावे (शोध अहवाल म्हणजे जुने दस्त तपासून वकिलाने दिलेला अहवाल, बोजा म्हणजे फ्लॅटवरील कर्ज किंवा दुसऱ्याचा हक्क): ‘वकिलाच्या शोध अहवालात मालकीहक्कात दोष अथवा बोजा आढळल्यास, किंवा खरेदीदाराचे गृहकर्ज नामंजूर झाल्यास, विक्रेता संपूर्ण इसार पंधरा दिवसांत कोणतीही कपात न करता परत करील.’ कर्जाची ही अट विक्रेते बहुधा खोडायला सांगतात. तेथे आग्रह सोडू नये.

साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. नोंदणीकृत साठेखताचे बळ नोंदणीतच आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची माहिती कायद्याने सर्वांना आहे असे मानले जाते, त्यामुळे नंतर येणाऱ्या खरेदीदाराला अज्ञानाची सबब सांगता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे साठेखताने मालकी मिळत नाही. मात्र विक्रेता मागे फिरला तर करारपूर्तीचा दावा करता येतो आणि विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या (Specific Relief Act) 2018 च्या दुरुस्तीनंतर तशी पूर्ती करून देणे ही न्यायालयाची मर्जी राहिलेली नाही, तो नियम झाला आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची असून ती कराराने ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून ‘लवकरात लवकर’ असे मोघम न लिहिता खरेदीखताची (मालकी देणाऱ्या अंतिम दस्ताची) तारीख स्पष्ट घालावी.

फ्लॅटवर विक्रेत्याचे कर्ज असेल तर साठेखताला पर्याय नाही, असे माझे मत आहे. बँकेकडून कर्जफेडीची नेमकी रक्कम सांगणारे पत्र आणि तिच्या ताब्यातील मूळ कागदांची यादी घ्यावी, दोन्ही साठेखताला जोडावीत आणि आपला हप्ता विक्रेत्याच्या बचत खात्यात न जाता थेट त्याच्या कर्जखात्यात जाईल असे कलम घालावे. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशानुसार कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. खरेदीखताची तारीख ठरवताना एवढा अवधी धरावा. गळती, सोसायटीची थकबाकी, विनापरवाना केलेले बदल आणि चालू दावे विक्रेत्याकडून परिशिष्टात लिहूनच घ्यावेत. ज्ञात छुपे दोष सांगणे कायद्याने त्याचे कर्तव्य आहेच, पण त्याला ते ठाऊक होते हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

साठेखताने खर्च दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. ताबा देण्याचे कलम असलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते, मात्र ते पुढे खरेदीखताच्या शुल्कात वजा होते. खरी जोखीम व्यवहार मोडला तर आहे, कारण भरलेले शुल्क परत मिळवणे किचकट असते.

थेट खरेदीखत केल्यास मधला काळच राहत नाही. फ्लॅट बोजामुक्त असेल, सर्व सहमालक हजर असतील, मूळ दस्तांची साखळी व सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट हातात असेल आणि आपली रक्कम तयार असेल, तर हाच मार्ग सरळ आहे. मात्र येथे तपासणी आधीच पुरी व्हायला हवी. नंतर दोष निघाला तर नुकसानभरपाईच्या कलमावर वर्षानुवर्षे भांडावे लागते.

कर्ज काढणाऱ्या बहुतेक कुटुंबांना मी नाममात्र इसार, मग शोध अहवाल आणि लगेच नोंदणीकृत साठेखत हाच क्रम सुचवीन. किंमत 50 लाख किंवा अधिक असल्यास प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का कर कापून भरावा लागतो, हेही साठेखतात लिहावे. विक्रेता अनिवासी असल्यास कपातीचे नियम वेगळे आणि दर बरेच जास्त असतात, त्यामुळे अशा व्यवहारात इसार देण्यापूर्वीच करसल्लागाराला गाठावे.